बोस्टनची कॅसेट

नॉब्ला : चौऱ्याऐंशी सालचा उन्हाळा होता तो. आमचा धाकटा भाऊ कोलमॉन बोस्टनहून बायकोला घेऊन आला होता, खांद्यावर हा एवढा कॅमेरा. जाताना कॅसेट आईच्या हातात ठेवली आणि गेला.

मुइरेन : आणि पंधरा वर्षांत एकदाही पाहिली नाहीत तुम्ही?

नॉब्ला : पाहिली की! आमच्या बेटावर कुठली वीज, म्हणून आई होडीनं इकडे किनाऱ्यावर माझ्याकडे आली. तिकडची कॅसेट इकडच्या मशीनवर चालत नाही, हे कुणाला ठाऊक? नुसत्या करड्या रेघा. आई रेघांकडेच बघत बसली, चर्चमध्ये बसल्यासारखी.

मुइरेन : कोलमॉनला सांगायचं ना, मावशी.

नॉब्ला : दिल्या भेटीला नावं ठेवायची? आई फोनवर म्हणाली, 'फार सुंदर आलंय रे सगळं.'

मुइरेन : आता खरंच आलंय. कॉलेजच्या मशीनवर आपल्याकडची करून आणलीय. आत काय आहे ते मीही नाही पाहिलं. म्हटलं, आधी तुम्ही.

नॉब्ला : एवढा खटाटोप कशाला केलास, पोरी?

मुइरेन : तुमच्या बेटावरच्या आयरिश भाषेसाठी. मी आयरिश शिकवते त्या वर्गात नर्स आहेत, एक बस ड्रायव्हर आहे. सगळे पुस्तकासारखे बोलतात. बेटावरचं बोलणं ऐकवायला आता माणूसच उरलं नाही.

नॉब्ला : माझंही गेलं गं. लग्न होऊन इकडे आले आणि इकडच्यांसारखं बोलायला लागले. लाव तू. आईला एकदा आमच्या बोलीत बोलताना ऐकू दे, बस.

मुइरेन : हं, आलं चित्र.

नॉब्ला : अगंबाई, आई! ठेवणीतली शाल काढलीय बघ. ती केस फुगवलेली डोना, आमची भावजय.

मुइरेन : मावशी... त्या इंग्रजी बोलतायत.

नॉब्ला : मग? डोना होती ना समोर. तिला कुठलं आयरिश यायला? पाहुण्यासमोर आपलं आपलं बोललं तर त्याला वाटतं, आपल्यालाच नावं ठेवतायत.

मुइरेन : तुम्हीसुद्धा इंग्रजीच!

नॉब्ला : मी काय आईपेक्षा वेगळी? ऐक तिचं. 'हवा छान आहे. चहा घ्या. प्रवास सुखाचा होवो.' एवढंच येत होतं तिला. पोटच्या पोराशी स्टेशनमास्तरसारखी बोलतेय.

मुइरेन : संपतच आली कॅसेट.

नॉब्ला : जाऊ दे, बंद कर. चहा टाकते.

मुइरेन : थांबा! सगळे बाहेर गेले, कॅमेरा खिडकीत तसाच चालू राहिलाय. दारातून कोण डोकावतंय? वासरू?

टीव्हीवरची आई : हूश! आत कुठं घुसतेस गं, भवाने? तुझ्या आईला लाज होती, तू कुणावर गेलीस? बरं, ये. ये, माझी बाय. उद्या होडी आहे त्याची. दिवसभर शब्द शोधतेय बघ, राहा म्हणायला. त्या भाषेत मला सापडत नाहीत, आणि आपल्या भाषेत बोलावं तर ती पोर बावचळते. तू तरी जाऊ नकोस हो बोस्टनला.

नॉब्ला : गुराढोरांशी कधी इंग्रजी नाही बोलली.

मुइरेन : हे मी वर्गात नाही लावणार, मावशी.

नॉब्ला : लाव. वासराला कसं रागवायचं ते तरी शिकतील. पण मूळ कॅसेट मला दे. कोलमॉनच्या मशीनवर चालते ना ती?

(पुढल्या वसंतात, त्याच स्वयंपाकघरात.)

मुइरेन : ड्रायव्हर आता मध्ये घुसणाऱ्या गाड्यांना 'भवाने' म्हणतो. वर्ग विचारतोय, वासराचं काय झालं?

नॉब्ला : क्लिफडनच्या बाजारात विकलं, आई गेली त्या हिवाळ्यात. शेवटची दोन घरं नंतर इकडे आली. आता बेटावर मेंढ्या तेवढ्या.

मुइरेन : आणि डोना?

नॉब्ला : मी पाठवलेली कॅसेट तीही पाहत बसली होती म्हणे कोलमॉनबरोबर. 'आई काय म्हणतेय?' विचारत राहिली, शेवटी त्यानं सांगितलं. आता आयरिश शिकतेय, साठीला आलीय तरी.

मुइरेन : कोलमॉन?

नॉब्ला : येतोय जूनमध्ये. वासरू नाही आता. राहा म्हणायचं, तर मलाच म्हणावं लागेल.