अर्घ्याची बारीक धार

— नाय हो ताई, मोतीबिंदू नाय. डोळ्याचा पडदा भाजलाय माझ्या सुनेचा, आशाचा. आत डाक्टरकडं बसलीया, संगं माझा बन्सी हाय. मी? मी हितंच बरी. कशानं भाजला म्हणता? वेल्डिंग बघितलं तिनं. म्हंजी — तसं सांगितलंय आम्ही. मागल्या खेपेला डाक्टरनं इचारलं, सूर्याकडं बघितलं का वेल्डिंगकडं? तिच्या आधी मीच बोलले — वेल्डिंग! शेजारी फकिराचं दुकान हाय ना, खिडक्यांची गिरलं करतो तो. आशा हळूच म्हणली, व्हय, वेल्डिंगच. लाज राखली हो पोरीनं माझी.

माझी म्हंजी... आता तुमच्यापासनं काय लपवायचं? पाळणा हलंना म्हणून व्रत धरायला लावलं मी तिला. आदितवारी अर्घ्य द्यायचं, पाण्याच्या धारेतून सूर्यनारायण बघायचा. आळीतल्या बाया उगवतीलाच करत्यात, व्हय, खरंय तुमचं, तवा ऊन कवळं असतं. पण संभाजीनगरात नळाचं काय सांगावं? आठ-आठ दिसांनी पाणी, अन् आमच्या आळीत नेमकं आदितवारी सकाळी! मग आधी पाणी भर म्हणलं तिला — हौद, पिंपं, घागरी. तवर ऊन डोक्यावर. वर मीच म्हणते, धार बारीक धर, पाणी वाया घालू नको; अन् तांब्या सरंस्तवर डोळा मिटलास तर व्रत मोडतं. ती म्हणली बी, आत्याबाई, लई झोंबतंय. मी म्हणलं, लेकरू पायजे ना? कसली मी बाई, सांगा!

अन् सकाळी बन्सीनं फकिराची गचांडी धरली. तुझ्यामुळं बायकोचे डोळे गेले म्हणला. गरीब माणूस, पोरांच्या शपथा खात हुता, अन् मी दारात उभी ऱ्हाऊन नुसती बघत हुते. सांगणार हाय ना! आज बन्सी भाईर आला की सांगतेच. आशा बिलाउज शिवायची हो घरी, आता सुईत दोरा जात नाय तिच्यानं.

ही बघा, आलीच. एकटीच, भिंतीला धरून. बन्सी औषधाच्या खिडकीवर गेला वाटतं. नका देऊ रुमाल, ऱ्हाऊ द्या. काल म्हणली मला — ज्याच्याकडं बघावं त्याचं तोंडच दिसत नाय, आत्याबाई, कडंकडंचं समदं दिसतं. आता हिच्यासमोर रडलं तरी चालतं मला. तुम्ही गप बसा, एक शब्द काढू नका.

ये गं माझे बाय, हितं हाय मी. रडती कुठं? पडसं झालंय.