सौदीचं पान

मोहियुद्दीन : हात खाली सोड.

गुरुनाथ : सोडलेत की.

मोहियुद्दीन : कुठं सोडलेत? पोटाशी धरलेयस, चहाचा ट्रे धरल्यासारखे.

गुरुनाथ : सवय रे, मोहिद्दीन. एकोणीस वर्षं बँकेत दिवसाला साठ कप नेतोय. हात आपसूक वर येतात.

मोहियुद्दीन : पासपोर्टच्या फोटोत हात दिसत नाहीत. उगाच एवढा ताठू नको.

गुरुनाथ : पासपोर्टचा नाही. कमरेपर्यंत घे. पुस्तकात छापायचाय.

मोहियुद्दीन : तुझा? कसलं पुस्तक?

गुरुनाथ : बँकेच्या इतिहासाचं. सव्वाशे वर्षं झाली ना यंदा. टोरांटोत छापतायत. पन्नास देशांत ऑफिसं, प्रत्येक देशाला एक पान. सौदीच्या पानावर जेद्दाच्या ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस घ्यायचा ठरलंय. मॅनेजर दर तीन वर्षांनी बदलतात. जुना मीच.

मोहियुद्दीन : आणि त्यासाठी माझा कोट चढवलास.

गुरुनाथ : तुझ्या स्टुडिओत दुसरा आहे कुठं?

मोहियुद्दीन : एकच आहे, पण बरकतीचा आहे. हा कोट घालून आमचा निम्मा शराफिया मोहल्ला इंजिनियर झालाय. वळू नको, मागं चिमटे लावलेत. आता मान सरळ. पण मला सांग, पन्नास देशांच्या बँकेला चहावाल्याची आठवण झाली कशी?

गुरुनाथ : ऑफिस असिस्टंट म्हण.

मोहियुद्दीन : बरं, असिस्टंट साहेब. झाली कशी?

गुरुनाथ : गेल्या महिन्यात टोरांटोहून एक मॅडम आली होती, पुस्तक लिहिणारी. सगळे साहेब मीटिंगला बसले होते. मॅडमनं विचारलं, बँकेचं मुख्य ऑफिस बंदरावरून टोरांटोला कधी हललं? कुणाला येईना. मॅनेजर कागद चाळायला लागला. मी कप ठेवता ठेवता सांगितलं, नाइन्टीन हंड्रेड अँड टू.

मोहियुद्दीन : तुला काय माहीत?

गुरुनाथ : कॉरिडॉरमध्ये बारा तसबिरी आहेत, बँकेच्या इतिहासाच्या. रोज सकाळी पुसतो. आधीच्या एका साहेबाकडून खालची इंग्लिश अक्षरं वाचून घेतली होती. एकोणीस वर्षं पुसल्यावर पाठ नाही होणार? पहिली तसबीर बंदराची. क्यानडाच्या पूर्व किनाऱ्यावरचं एक गाव. चार व्यापाऱ्यांनी एका खोलीत बँक काढली. धंदा काय, तर खारवलेल्या माशांचा.

मोहियुद्दीन : काय सांगतोस?

गुरुनाथ : अगदी. मासे मिठात घालायचे, पिंपं जहाजात भरायची, खाली वेस्ट इंडिजच्या बेटांवर विकायची. येताना साखर नि रम आणायची.

मोहियुद्दीन : हे तर आमचं जयगड झालं. माझा आजा सुकी सोडं, सुकट भरून मुंबईला न्यायचा, येताना मीठ नि कापड आणायचा. आम्ही का नाही बँक काढली?

गुरुनाथ : तुझ्या आजाला घाई असेल. दुसरी तसबीर त्या बेटावरच्या शाखेची आहे. टोरांटोत शाखा उघडली नव्हती तेव्हा बेटावर उघडली. घरात दिवा नाही आणि परदेशात पेढी. मग लंडन, मग क्युबा, मग दक्षिण अमेरिका. आठव्या तसबिरीत हाँगकाँग. बारावीत जेद्दा. तेल आलं नि साहेब आले.

मोहियुद्दीन : हे सांगताना छाती फुगते तुझी. चिमटा सुटला बघ.

गुरुनाथ : लाव परत. आणि फोटो झाला की इंग्लिशमध्ये चार ओळी टाईप करून दे. नाव, गाव, कधीपासून, काम काय.

मोहियुद्दीन : आधी चार ओळीच करू. चहा घे. तुझ्याच बँकेच्या ट्रेमध्ये दिलाय, वरचं बँकेच्या जहाजाचं चित्र पुसायला आलं तरी टिकलाय.

गुरुनाथ : बँकेनं नवे घेतले तेव्हा दोन जुने मिळाले होते. एक तुला, एक घरी. आमची शर्मिला हळदीकुंकवाला काढते तो. पोरीनं, किशोरीनं, लहानपणी खिळ्यानं त्या जहाजाला शीड काढलंय.

मोहियुद्दीन : चल, सांग. गुरुनाथ... वेंगुर्ला... १९८५ पासून. पेशा काय घालू?

गुरुनाथ : सांगितलं ना. ऑफिस असिस्टंट.

मोहियुद्दीन : गुरू, तुझ्या राहण्याच्या परवान्याचा, इकाम्याचा फॉर्म दर वर्षी मीच भरतो.

गुरुनाथ : मग?

मोहियुद्दीन : मग काय? काढ तो तपकिरी इकामा नि वाच. शेतमजूर. जामीन राहणारा मालक, म्हणजे कफील, अबू सालेह, खजुराची बाग, बुरैदा. तू सरकारदरबारी या घडीला नऊशे किलोमीटरवर खजुराच्या झाडावर चढलेला आहेस.

गुरुनाथ : सगळ्यांचंच तसं असतं. आझाद व्हिसा. कफील एकीकडे, काम दुसरीकडे.

मोहियुद्दीन : सगळे पुस्तकात फोटो छापत नाहीत. नाव, फोटो, बँकेचं दार आणि खाली 'एकोणीस वर्षं इथं नोकरीला'. हे पुस्तक उद्या जवाजातच्या, पासपोर्ट खात्याच्या, एखाद्या साहेबाच्या टेबलावर गेलं, तर तुला बोटांचे ठसे घेऊन विमानात बसवतील आणि परत कधी येऊ देणार नाहीत. अबू सालेहलाही ओढतील. किशोरीची इंजिनियरिंगची किती वर्षं राहिलीत?

गुरुनाथ : तीन.

मोहियुद्दीन : झालं तर.

गुरुनाथ : तिच्यासाठीच तर छापायचाय.

मोहियुद्दीन : म्हणजे?

गुरुनाथ : आमच्या वाडीतला बाबाजी आठवतो? यान्बूला रिफायनरीत फिटर होता, गेल्या वर्षी कायमचा गावी परतला. गणपतीत आमच्या घरी आला होता. मी सुट्टीवर होतो. पासपोर्ट टेबलावर होता, त्यानं उचलला. अरबी वाचता येतं मेल्याला. आरतीची सगळी माणसं बसलेली, त्यात व्हिसाचा शिक्का मोठ्यानं वाचला. म्हणे, बँकेत कसला, हा तर खजूर पाडायला आहे.

मोहियुद्दीन : आणि तू?

गुरुनाथ : हसलो. काय करू? सगळे हसले. किशोरी नाही हसली. मी इकडे आल्यावर फोनवर म्हणाली, बाबा, राग येणार नसेल तर विचारते, तुम्ही तिथं नक्की काय करता?

मोहियुद्दीन : सांगायचंस खरं.

गुरुनाथ : सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. त्या 'बरं'वरून कळलं मला. पोरीचा विश्वास बसला नाही. चहा देतो ते मी कधी लपवलं नाही, पण बँकेत देतो. तेवढं तरी तिनं कुठं छापलेलं बघावं की नाही?

मोहियुद्दीन : बघावं. पण बँक काय लिहून देणार तुला? बँकेलाच इथं कफील आहे.

गुरुनाथ : बँकेला कसला कफील?

मोहियुद्दीन : परवान्याचा अरबी कागद मीच टाईप केला होता, विसरलास? परवाना इथल्या शेखच्या नावावर. धंद्याच्या जागी लिहिलंय, सल्ला देणे. तुमच्याकडे कुणी खातं उघडलंय कधी? पैसे भरायला काउंटर आहे?

गुरुनाथ : नाही. नुसते लोक येतात, बोलतात, चहा पितात.

मोहियुद्दीन : नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. सव्वाशे वर्षांची बँक सौदीत आझाद व्हिसावर राहतेय, गुरू. तू झाडावर, ती सल्ल्यावर. तुमचं दोघांचं जमलं ते उगाच नाही.

गुरुनाथ : तू चेष्टा कर. अख्ख्या ऑफिसात त्या बारा तसबिरी पाठ असलेला माणूस मी एकटाच आहे.

मोहियुद्दीन : ते मानलं. थांब, फोन. हॅलो, मोहियुद्दीन स्टुडिओ... हां, आहेत इथंच. गुरू, तुमच्या ऑफिसातले उदय साहेब. स्पीकरवर टाकतो, रिसीव्हर बिघडलाय.

उदय : गुरुनाथ? तुमचा मोबाईल बंद का?

गुरुनाथ : फोटो काढत होतो साहेब. कोट घालून.

उदय : कोट नको. त्यासाठीच फोन केला. टोरांटोहून पानाचा मजकूर आलाय. थोडा, म्हणजे, बदल झालाय.

गुरुनाथ : माझं पान रद्द झालं का?

उदय : नाही नाही. तुम्ही आहात. फोटो तुमचाच. फक्त खाली... वाचतो, मराठीत सांगतो. 'बुरैदाच्या बागेतले खजूर उत्पादक श्री. गुरुनाथ, बँकेचे जुने स्नेही.'

गुरुनाथ : स्नेही म्हणजे?

उदय : फ्रेंड. मित्र.

गुरुनाथ : साहेब, मी तिथं वर्षातून एकदा जातो, इकामा नवा करायला. अबू सालेह एक खोका खजूर देतो, तेच मी ऑफिसात ठेवतो. झाडाला मी हात लावलेला नाही.

उदय : मला माहीत आहे हो. पण तुम्ही ते सालाचं उत्तर दिलंत ना, त्यावर मॅडमनी मॅनेजरला विचारलं, हे कोण. आता तो तरी काय सांगणार? तुमचा व्हिसा आमच्याकडे नाही. ऑफिसच्या यादीत तुमचं नाव नाही. हिशेबात तुम्ही चहा-साखरेत येता. तो घाबरला. प्लेटमध्ये खजूर होते. म्हणाला, हे बागाईतदार आहेत, आम्हाला खजूर देतात, अधूनमधून येतात.

गुरुनाथ : हातात ट्रे असताना?

उदय : मॅडमना वाटलं, अरबस्तानातली पद्धत असेल. फार इम्प्रेस झाल्या.

मोहियुद्दीन : साहेब, मी स्टुडिओवाला बोलतो. गुरुनाथचं खरं काम लिहिता नाही का येणार, नाव न घालता?

उदय : अहो, लिगलकडे जाऊन आलंय सगळं. आता काही हलणार नाही. आणि टोरांटोत सगळ्यांना इतकं आवडलंय. पुस्तक सुरू होतं मच्छीमारांनी, सौदीचं पान शेवटचं, म्हणजे संपतं शेतकऱ्यावर. त्यांच्या मते शेवट फार सुंदर जमतो. कायद्यानंही तुम्ही सेफ. तुमच्या इकाम्याशी जुळतं ना, उलट.

गुरुनाथ : जुळतं.

उदय : संध्याकाळपर्यंत फोटो मेल करायला सांगा. बागेत काढल्यासारखा असेल तर बेस्ट. नाही मिळाला तर ऑफिसच्या दाराचा फोटो टाकतील ते. बरं, ठेवतो. आणि हो, उद्या पाहुणे आहेत, अर्धा तास लवकर या.

गुरुनाथ : येतो साहेब.

मोहियुद्दीन : ठेवला त्यानं. बस जरा.

गुरुनाथ : चिमटे काढ आधी. टोचतायत.

मोहियुद्दीन : देऊ नको फोटो. खलास. दाराचा छापू दे त्यांना.

गुरुनाथ : ते दार पण मीच पुसतो.

मोहियुद्दीन : मग काय करतोस? असरची अजान होईल आता, नमाजासाठी शटर पाडावं लागेल.

गुरुनाथ : वाईट एवढंच वाटतं, मोहिद्दीन, की बाबाजी खरा ठरला. आता त्याच्याकडे नुसता शिक्का नाही, टोरांटोत छापलेलं पुस्तक आहे. किशोरी ते बघणार, बाप खजूरवाला. मी आयुष्यात पहिल्यांदा कुठंतरी छापला जातोय आणि ते पण दुसराच कुणीतरी म्हणून. रडू येतंय मला, खरं सांगतो.

मोहियुद्दीन : रड. इथं कोण बघतंय. फक्त कोटावर नको, उद्या एकाला त्यात डॉक्टर व्हायचंय.

गुरुनाथ : तुझ्याकडे खजुराच्या झाडांचा पडदा आहे ना?

मोहियुद्दीन : आहे. मक्केच्या यात्रेला, उमऱ्याला आलेले लोक फोटो काढून घेतात त्याच्यासमोर. लावू?

गुरुनाथ : लाव. दार छापून कुणाचं भलं होणार? निदान तोंड तरी माझं असेल.

मोहियुद्दीन : ये. या झाडाखाली उभा राहा. बाह्या दुमड. मान सरळ. हात खाली सोड.

गुरुनाथ : सोडलेत.

मोहियुद्दीन : परत पोटाशी आलेत.

गुरुनाथ : मोहिद्दीन, शेतकरी आपल्या बागेतला खजूर कशात घालून देतो?

मोहियुद्दीन : टोपलीत. माझ्याकडे टोपली नाही.

गुरुनाथ : चहाचे कप उतर. तो ट्रे दे इकडे. आणि तुझ्या गल्ल्याशेजारच्या डब्यातले खजूर घाल त्यात. सगळे नको, मूठभर. एका बाजूला.

मोहियुद्दीन : जहाज दिसेल ना मग.

गुरुनाथ : दिसू दे. टोरांटोला खजूर दिसतील, जवाजातला पण खजूरच दिसतील.

मोहियुद्दीन : आणि किशोरीला?

गुरुनाथ : ती बरोबर बघेल. तिच्या घरी असाच आहे. शीड काढलेला.

मोहियुद्दीन : आता हलू नको. हात बरोबर आलेत.