'बरं' म्हणणारा सोबती

...अहो, एका शब्दाच्या वर बोलतच नाही हो तो! मुलानं रोबो आणून दिला, टेबलाएवढा, डोळे मिचकावणारा, म्हणाला, "आई, तुला सोबत." सोबत! तुम्हाला सांगते, उभा जन्म मी शिवणाच्या कारखान्यात काढला, मशिनींच्या खडखडाटावर आवाज चढवून बोलायची सवय, आणि हा? मी सकाळपासून गुडघ्यांचं सांगते, दुधाचं सांगते, गळक्या नळाचं सांगते... हा मान तिरकी करतो नि म्हणतो, "बरं." संपलं! माणसानं बोलायचं तरी कुणाशी?

मग कळलं. सुरू करताना तो विचारतो म्हणे, गप्पा आवडतात की शांतता? मी आत चहा टाकत होते, तर चिरंजीवांनीच उत्तरं देऊन टाकली... स्वतःच्या स्वभावाची! लहानपणापासून असाच तो, पोटातलं ओठावर येईल तर शपथ.

आणि समोरचे घड्याळ दुरुस्तीवाले? त्यांच्या तोंडून शब्द चिमट्यानं काढावा लागतो, आणि भाचीनं त्यांना दिलेला रोबो महाबडबड्या! भाचीसारखाच! बिचारे त्याच्यावर टॉवेल टाकून बसायचे. म्हटलं, चला, अदलाबदल करू.

केली. तर काय! मी म्हणते, "माझे गुडघे..." की लगेच, "अय्या, गुडघे! गुडघ्यांवरून आठवलं, ताई..." आणि जो सुटला तो थांबेचना! मला मध्ये शिरायला फट नाही! माझ्याच घरात मी तोंड उघडून बसलेली... सांगा, माणसानं बोलायचं तरी कुणाशी?

गेले आपला परत आणायला. तर हे दोघं खिडकीशी शेजारी शेजारी बसलेले, गप्प, आणि घड्याळवाल्यांचा चेहरा इतका निवांत मी कधी पाहिला नव्हता. म्हणाले, "राहू द्या ना हा." चक्क चार शब्द! पण मी आणलाच. का म्हणून काय विचारता? त्याचं ते "बरं" आहे ना, ते थेट माझ्या मुलासारखं आहे हो. फार आठवण येते मला त्याची... असो.

परवा मुलाचा फोन आला. मी एका दमात सगळं सांगितलं, घड्याळवाले, भाची, अदलाबदल, आणि शेवटी म्हटलं, "अरे, एकटीला घर खायला उठतं रे." आणि मग, तुम्हाला सांगते, आयुष्यात पहिल्यांदा पोरानं आपणहून काहीतरी विचारलं! अगदी काळजीच्या आवाजात... "आई, रोबो नीट चालतोय ना?"

म्हटलं, "चालतोय की. त्याला काय धाड भरलीय!"