चवमावशींचा उजवा पाय

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपले मोठे साहेब. व्यासपीठावर बसलेले व्यवस्थापक साहेब आणि संघटनेच्या ताई. ज्यांच्यासाठी ही एवढी खुर्च्यांची गर्दी झाली त्या सत्कारमूर्ती, आपल्या सगळ्यांच्या चवमावशी. त्यांच्या शेजारी हातात रुमाल घट्ट धरून बसलेले काका. आणि समोर जमलेल्या सिरप, भरणा, धुलाई, गोदाम अशा सगळ्या खात्यांतल्या बंधुभगिनींनो, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. शाळा अर्धी सोडली, त्यामुळे वक्तृत्व स्पर्धेपर्यंत पोचलोच नाही. पुढे गॅरेजात राहिलो, फोटो स्टुडिओत दिवे धरले, एका सर्कशीच्या तंबूचे खुंटे ठोकले. त्या सर्कशीत एक विदूषक होता, तो खेळ सुरू व्हायच्या आधी रोज ओकायचा. मी त्याला विचारलं होतं, एवढी भीती वाटते तर करतोस कशाला? आज सकाळी मला त्याची फार आठवण आली. असो. मी भरकटतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. आणि आज भरकटायला वेळ नाही. का नाही, ते सांगतो.

माझ्या आधीच्या सगळ्या वक्त्यांनी मावशींच्या जिभेचं कौतुक केलं. करायलाच हवं. आपल्या सरबताच्या कारखान्यात यंत्र आकडा दाखवतं, प्रयोगशाळा सही करते, पण मावशींनी पेलाभर चाखून मान हलवल्याशिवाय एक बाटली भरली गेलेली नाही. पण मावशींच्या पायाबद्दल कोणीच बोललं नाही. मी पायाबद्दल बोलणार आहे. मावशींची परवानगी घेतली आहे. "बोल, पण रडगाणं गाऊ नकोस," एवढीच त्यांची अट आहे.

मी आठवडाभरासाठी म्हणून इथे व्हॅनवर लागलो आणि मावशींच्या माडीवरच्या खोलीत राहायला गेलो. त्या घरात मी साखरेचा डबा पाहिला नाही. चहा बिनसाखरेचा. नातीच्या वाढदिवसाला केक कापला, तर मावशींनी बोटालाही क्रीम लागू दिलं नाही. काका लपूनछपून बिस्किटं खायचे आणि मावशी त्यांच्या खिशातले कण बघून त्यांना पकडायच्या. मधुमेह मावशींना आणि धाक काकांना, असं आमच्या घरातलं वातावरण.

उन्हाळ्यात मी त्यांना दवाखान्यात नेलं होतं. रक्तातली साखर काही केल्या खाली येईना. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोड खाता का? मावशी म्हणाल्या, अजिबात नाही. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मीही मान हलवली, अजिबात नाही. गोळ्या वाढल्या. पुढच्या वेळी पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा तेच उत्तर, पुन्हा गोळ्या.

आता मला सांगा, मावशी खोटं बोलल्या का? इथे बसलेल्यांपैकी कोणाला तरी ते खोटं वाटलं असतं का? आपण कधी म्हणतो का, आज मी चार पेले सरबत प्यालो? आपण म्हणतो, माल तपासला. गोड म्हणजे घरी ताटात वाढतात ते. इथलं ते काम. बरं, मावशी चाखून थुंकणाऱ्यातल्या नव्हेत. घशात उतरल्यावर मागे जी चव राहते ती कोण बघणार, असं त्या म्हणायच्या. सगळा पेला पोटात. प्रत्येक घाण्याचा. प्रत्येक पाळीला.

काल दुपारी मावशी भांडारात बूट जमा करायला गेल्या. निवृत्त होणाऱ्याने आपले रबरी बूट स्वतः परत द्यायचे, हा आपल्याकडचा रिवाज. मी सोबत होतो. मावशींनी बाकावर बसून उजवा बूट काढला, उलटा केला, आणि त्यातून एक पत्र्याचं बूच खाली पडलं. आपल्याच बाटलीचं, दातेरी. भांडारातले दादा हसले आणि म्हणाले, मावशी, बुचांची पावती वेगळी फाडावी लागेल. मावशीही हसल्या. मग मी मोजा पाहिला.

मी त्याचं वर्णन करणार नाही. समोर लहान मुलं आहेत. एवढंच सांगतो की मोजा पायाला चिकटला होता आणि मावशी अजून हसतच होत्या. त्यांना काही कळलंच नव्हतं. ते बूच बुटात कधी गेलं? सकाळी? परवा? त्या आठवायला लागल्या आणि त्यांना आठवेना, तेव्हा त्यांचं हसणं थांबलं. दादा खाली बसले आणि त्यांनी मावशींचा पाय आपल्या गुडघ्यावर घेतला. मला त्या क्षणापासून जी भीती वाटते आहे, ती अजून गेलेली नाही.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, हे बूच आलं कुठून? मावशी म्हणाल्या, कारखान्यातून. तिथे काय करता? चव बघते. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. दिवसातून किती वेळा, म्हणाल्या. मावशी बोटांवर मोजायला लागल्या. एक हात संपला, दुसरा घेतला. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, आणि त्या रागावल्या नाहीत म्हणून मी जास्त घाबरलो. पायाच्या नसा बधिर झाल्यात, जखम वर सरकते आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल, आत्ताच दाखल व्हा, असं त्यांनी सांगितलं. मावशी म्हणाल्या, उद्या माझा निरोप आहे, माणसं खोळंबतील. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "उद्या दुपारपर्यंत या. उशीर केलात तर मी बोट वाचवायची भाषा करणार नाही. पाय वाचवायची करीन."

मी निघता निघता आपल्या नव्या बिनसाखरेच्या मालाबद्दलही विचारून घेतलं. कारण तो निघाल्यापासून आपण सगळे सुटलो असं समजून दुप्पट प्यायला लागलोय. भरणा खात्यातले आमचे पहिलवान तर पाणीच पीत नाहीत. त्या म्हणाल्या, त्याने साखर तशी चढणार नाही, पण जीभ गोडावरच अडकून राहते. तहान लागली की पाणी प्या. पहिलवान, हसू नका. तुम्हाला हल्ली एवढी तहान लागते, ते मला मुळीच आवडलेलं नाही. रक्त तपासून घ्या. मीही घेणार आहे. मलाही फार तहान लागते आणि मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता ही मावशींसमोरची बाटली. निवृत्त होणाऱ्याने पाळीची पहिली बाटली सगळ्यांसमोर एका दमात संपवायची आणि आपण टाळ्या वाजवायच्या. व्यवस्थापक साहेबांनी प्रेमाने उघडून ठेवली आहे. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, त्यांचा दोष नाही. पण मावशी मघापासून त्या बाटलीकडे बघताहेत आणि मी मावशींकडे. माणसं काय म्हणतील, असं त्या सकाळपासून तीनदा म्हणाल्या. म्हणून माणसांनाच विचारतो. तुम्ही काही म्हणणार आहात का?

बघा मावशी. कोणी काही म्हणत नाही.

धन्यवाद, व्यवस्थापक साहेब. बाटली तुम्ही स्वतः उचलून बाजूला ठेवलीत, बरं वाटलं.

आता शेवटचं. काल तपासणीच्या खोलीबाहेर मावशींनी मला एक प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "दुखलं असतं तर मी एवढी घाबरले नसते रे. काही कळतच नाही, त्याचं भय वाटतं. मी शुद्धीवर येईपर्यंत तू थांबशील ना? यांना एकट्याला नाही जमायचं." हे म्हणजे काका. आणि मी काय केलं? व्हॅन नीट लावली आहे का ते बघतो, असं म्हणून बाहेर गेलो. खरं म्हणजे माझी पिशवी भरलेली होती. पुढच्या गावच्या गॅरेजात काम मिळालं आहे, आज संध्याकाळी निघायचं होतं. मी कुठल्याच गावाचा नीट निरोप घेतलेला नाही, आणि दवाखान्याच्या वासाने तर माझे पाय आपोआप दाराकडे वळतात.

मावशी, थांबतो. तुम्ही डोळे उघडाल तेव्हा मी तिथेच असेन. काकांसाठी बिस्किटंही आणणार नाही.

अध्यक्षांनी मला क्रम सोडून आधी बोलू दिलं, त्याबद्दल त्यांचे मनापासून आभार. इतरांची भाषणं राहिली, त्यांनी मोठ्या मनाने समजून घ्यावं. माझ्या बोलण्यात मानपान चुकला असेल, कोणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, तर या घाबरलेल्या माणसाला पदरात घ्या. आता कृपा करून कोणी उभं राहू नका, टाळ्या वाजवू नका, फुलं नंतर घरी पोचवा. मधल्या रांगेतल्यांनी खुर्च्या जरा बाजूला घ्याव्यात. दादा, तुम्ही त्या बाजूने धरा. मावशींना खुर्चीसकट उचलायचं आहे, त्यांचा पाय जमिनीला लागता कामा नये.