यंत्र वापरात नसल्यास

— आणि हे बघा, पान नऊ. 'बोट म्हणजे कापड नव्हे. आम्ही खात्री करून घेतली आहे.' शिलाई मशीनच्या मॅन्युअलमध्ये हे असं. कुणी सांगितलं होतं हो तुम्हाला लिहायला? कुणीच नाही ना — मला वाटलंच. नाही, नाही, बसा तुम्ही, रागावले नाहीये मी. खुर्ची तेवढी जपून, मागचा एक पाय लंगडा आहे तिचा. परवा दुपारी डबा खाता खाता वाचलं मी हे पान आणि हसले — चांगली मोठ्याने हसले, या खोलीत. शिपाई डोकावून गेला, बाईंना झालं तरी काय म्हणून. लगेच तुम्हाला फोन केला तो त्याच भरात.

पण नोकरीसाठी आल्या आहात, तर स्पष्टच सांगते, आमच्याकडे हे चालत नाही. आणि चालू नयेच. का म्हणजे? माणूस मॅन्युअल उघडतो कधी? यंत्र घरी आलं, कौतुकाने खोका फोडला, तेव्हा? छे, तेव्हा ते खोक्यासकट माळ्यावर जातं. आपण आपले लिहितोय — गाढवापुढे वाचली गीता. उघडतो कधी, तर काहीतरी बिघडलं की. आता आम्ही करतो ऑक्सिजनची यंत्रं, घरी खाटेशेजारी ठेवायची. ते यंत्र ओरडायला लागतं, लाल दिवा लागतो, खाटेवर कुणाची तरी आई असते — आणि हा एका हाताने पानं उलटतोय, दुसरा हात तिच्या पाठीवर. त्याला आपण तिथे चुटका सांगायचा? 'नळी कुठे दुमडली आहे का ते पाहा' एवढंच हवं असतं त्याला. कोरडं वाक्य हवं असतं, हातात धरता येईल असं. तीस वर्षं मी तेच लिहिलं — बरं, तीस नसतील, पण त्यातच गेली म्हणा.

तुम्ही म्हणाल, मॅन्युअलचं ठीक आहे, प्रोग्रॅममधल्या कॉमेंट्सचं काय? त्या तर आपल्या आपल्यातल्या, लिहिणाऱ्याने पुढच्या लिहिणाऱ्यासाठी ठेवलेल्या, त्या काय पेशंट वाचणार आहे? तेही काम केलंय ना तुम्ही, अर्जात आहे. मग ऐका. खालच्या मजल्यावर आमचा एक प्रोग्रॅमर होता, सगळे त्याला दाढी म्हणायचे. पोट धरून हसावं अशा कॉमेंट्स लिहायचा. गजर वाजतो त्या भागात एका ओळीच्या डोक्यावर लिहून ठेवलेलं — 'ही ओळ काढू नये. मी एकदा काढली होती, माझी सुट्टी रद्द झाली.' सगळे हसले, मीही हसले. पुढे दाढी गेला दुसरीकडे, जास्त पगारावर. त्याच्या जागी आलेल्याला वाटलं, ही पण गंमतच — काढली ओळ. गजर वाजेना. चाचणीत सापडलं म्हणून बरं, नाहीतर कुणाच्या तरी खाटेशेजारी सापडलं असतं. दाढीला फोन लावला तर तो म्हणतो, अहो, काढू नका असं लिहिलं होतं की मी. होतंच लिहिलेलं. पण रोज लांडगा आला म्हणून हसवणाऱ्याचा खरा लांडगा कोण बघायला जातंय? मग वरून पत्रक निघालं — प्रोग्रॅममधून, मॅन्युअलमधून, सगळीकडून विनोद साफ करा. झाडू घेऊन बसलो आम्ही सगळे. माझंही एक वाक्य गेलं त्यात.

हो, माझं. बघताय काय असं, मी पण कधीतरी तुमच्या वयाची होते. मॅन्युअलच्या शेवटी एक भाग असतो, 'यंत्र वापरात नसल्यास' — कसं बंद करावं, कसं झाकून ठेवावं. तिथवर कोण वाचणार? म्हणून त्याच्या तळाशी मी लिहिलं होतं, 'इथपर्यंत वाचलंत? तुम्ही पहिलेच. खालील क्रमांकावर फोन करून सांगा, आम्हाला खरं वाटणार नाही.' आणि नंबर या फोनचा, हा टेबलावरचा. आता बंद आहे तो, लाइन काढून नेली, डबडं राहिलंय. वर्षानुवर्षं कुणाचा फोन नाही. मग एकदा वाजला.

एक काका होते. त्यांची बायको आमच्या यंत्रावर होती. तिला कुणीतरी वाचून दाखवलेलं आवडायचं — काय वाचतायत ते महत्त्वाचं नाही, आवाज चालू हवा. घरातलं सगळं वाचून संपलं तेव्हा त्यांनी मॅन्युअल घेतलं, पहिल्या पानापासून. फोनवर म्हणाले, मॅडम, तुमच्या शेवटच्या ओळीला आमची मंडळी हसली. कधीची हसली नव्हती. बस, तेव्हापासून अधूनमधून फोन करायचे. चौथ्या चित्रात वायर उलटी काढलीय म्हणायचे — आणि होतीच उलटी, इतकी वर्षं कुणाच्या बापाच्या लक्षात आलं नाही. मग त्या काकू मागून काहीतरी बोलायच्या, नळीमुळे कळायचं नाही नीट, काका सांगायचे, ही विचारतेय पुढचा भाग कधी येणार. मला वाटायचं, लिहिलं त्याचं चीज झालं. एका ओळीचं का होईना.

आणि एका सकाळी फोन. म्हणाले, ही गेली पहाटे. सगळे येतायत, पण मशीन चालूच आहे अजून. बंद करायला हात उठत नाही. तुम्ही काहीतरी बोला. आता मी — उचलली जीभ लावली टाळ्याला अशी मी — काय बोलू? शेवटी जुनं मॅन्युअल उघडलं आणि वाचायला लागले. बटण दाबून धरा. दिवा विझेपर्यंत थांबा. नळी हळूच सोडवा. यंत्र गार झाल्याशिवाय झाकू नका. माझीच वाक्यं, सुकी, लाकडासारखी. ते एकेक वाक्य माझ्यामागून म्हणत होते आणि करत होते. मशीनची घरघर फोनमधून ऐकू येत होती मला, मग ती थांबली. तळाची ओळ आली. पत्रक निघण्याआधीचं पुस्तक होतं त्यांचं, त्यात होती ती अजून. मी गाळली. तर म्हणाले, मॅडम, एक ओळ राहिली.

वाचावी लागली मला. 'इथपर्यंत वाचलंत? तुम्ही पहिलेच.' पुढचं वाचवलं नाही. मग पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. त्यानंतर कधी आला नाही त्यांचा फोन. कशाला येईल? म्हणून सांगते, लिहिताना आपल्याला माहीत नसतं माणूस त्या ओळीपाशी कधी येऊन पोचणार आहे. हसवलंही तिनेच ना, असं म्हणाल तुम्ही. हो, तिनेच. मला नाही सुटलं ते कोडं, तुम्हाला सुटलं तर कळवा.

काय? रुजू कधी व्हायचं? — पाणी घ्या तुम्ही. घ्या ना. अहो, जागा नाहीये. जाहिरात जुनी, काढायची राहून गेली कुणाकडून तरी. पुढच्या महिन्यापासून मॅन्युअलं कॉम्प्युटरच लिहिणार, यंत्राचं पुस्तक यंत्रच लिहील. ही खोलीही जातेय, आणि खोलीबरोबर मी. बोलावलं का मग? पान नऊ वाचलं, वाटलं बघावं तरी कोण लिहितं असं. एवढंच. खूप दिवसांत कुणी आलं नव्हतं या कामाचं.

कसला राजीनामा? कधी दिलात? — काल? अहो, पण कुणी सांगितलं द्यायला? मी? फोनवर? — 'असं लिहिणाऱ्या बाईने तिथे एक दिवसही राहू नये, आजच राजीनामा टाका आणि या, खुर्ची तयार आहे, एक पाय लंगडा आहे एवढंच.' हो. म्हटलं होतं मी. अहो, पण ती गंमत होती. खुर्चीचं सांगितलं त्यावर तुम्ही हसलात की फोनवर, मला वाटलं कळलं तुम्हाला. तुम्हाला वाटलं, खुर्चीचं तेवढं गमतीत आणि बाकीचं खरं. कसं कळणार म्हणा. घरी कोण कोण आहे? — नको, नका सांगू. मी काही करू शकणार नाही. कुणाकडे शब्द टाकावा, तर माझा शब्द आता कोण ऐकतंय इथे? तुमच्या जुन्या साहेबांना विचारून बघा, परत घेतात कधीकधी. नाही घेणार? बरं.

हे तुमचे कागद. पान नऊ ठेवून जाल का? नको, असू द्या, न्या. ते दार ढकलू नका, ओढा. 'ढकला' लिहिलंय खरं त्यावर, पण ती पाटी माझी नाही, माझी असती तर खाली लिहिलं असतं, 'आम्हीही ढकलून पाहिलं आहे' —

नाही हसलात ना? बरोबर आहे. जा तुम्ही.