काकींच्या नावाचा कागद

अध्यक्षमहाराज, चाळीतल्या आयाबहिणींनो, गिरणीतल्या माझ्या वडीलधाऱ्यांनो,

पहिली पाळी सुटल्यावर घरी न जाता तुम्ही सरळ इथं चाळीच्या चौकात आलात. काहींच्या केसांत अजून कापूस आहे. तुमच्यापुढे मी काय बोलू? काकींना जाऊन आज चौथा दिवस. मी ठाकूरद्वारचा, डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. भाषण मला येत नाही.

तुम्हाला आठवतं? आम्ही पाच-सहा विद्यार्थी दर रविवारी या तालमीच्या खोलीत फुकट दवाखाना मांडायला लागलो. तुम्ही बाटल्या आणायचात, आम्ही लाल औषध भरून द्यायचो. जितक्या बाटल्या जास्त, तितके आम्ही खूश.

एका रविवारी काकी दारात उभ्या राहिल्या. गिरणीत सूत गुंडाळणाऱ्या वाइंडिंग खात्यातल्या, अंगापिंडानं एवढ्याशा. म्हणाल्या, "डॉक्टरानू, आजारी माणूस आपल्या पायान येतलो. जो बरो दिसता, तेका कोण बघतलो?"

आम्ही हसलो. काकी हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी आम्हाला जिना चढायला लावला. खोलीमागून खोली. कुठल्या पोराला देवी टोचायच्या राहिल्यात, कोण पोटुशी आहे, कोणाचा खोकला महिनाभर हटत नाही. खोलीतल्या प्रत्येक माणसाच्या नावाचा एक कागद. दर रविवारी आधी बघायचं, या वेळी कोण आलं नाही. मग त्याच्या दारात जायचं. ही रीत आम्हाला कॉलेजानं नाही, काकींनी शिकवली.

शिवाजी पार्कवरच्या संयुक्त महाराष्ट्राच्या सभेचा तो रविवार आठवा. तुम्ही सगळे घोषणा देत निघालात, आणि काकी जिन्याच्या तोंडाशी फतकल मारून बसल्या. छाती तपासल्याशिवाय एकालाही सोडेनात. "महाराष्ट्र मेळतलो, पण तो बघूक तुमी रवशात मा?" गणूभाऊ, तुम्ही हसताय. तुम्ही तेव्हा केवढे चिडला होतात. पण तुमचं दुखणं त्याच दिवशी सापडलं, आणि आज तुम्ही समोर बसला आहात.

परवा मी कागदांचा तो गठ्ठा सोडला. काकींचा कागद शोधला. दोनदा शोधला. मंडळी, काकींच्या नावाचा कागदच नव्हता.

विचारलं नाही असं नाही. "काकी, तुम्ही?" म्हटलं की उत्तर ठरलेलं. "माका काय धाड भरली हा? आधी पोरांका बघा." घरात सगळ्यांची पानं उठल्यावर जेवणारी बाई, ती आमच्याकडेही शेवटचीच राहिली. आणि शेवटच्याची पाळी येण्याआधी आम्ही खोली बंद करायचो. दोन वर्षं आमच्या शेजारी बसून त्या खोकल्या. "गिरणीचो कापूस तो," म्हणाल्या. आम्ही मान डोलावली. आम्ही, डॉक्टर होणारी माणसं. ही चूक माझी आहे, आणि ती मला जन्मभर पुरेल.

काकींना क्षय होता. वसंताला, त्यांच्या मुलाला विचारूनच मी हा शब्द इथं उच्चारतोय. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लपवण्यासारखं तर मुळीच नाही.

वसंता, तू वर गॅलरीत उभा आहेस. काल मी तुला म्हटलं, घरातल्या सगळ्यांना तपासायला आण. तू म्हणालास, "डॉक्टरानू, सुतक आसा. तेरावा होवंदे." तुझं दुःख मला कळतं रे. आईचं सुतक तू पाळ. पण तुझी कुंदा रोज आजीच्या कुशीत झोपायची. तिचा कागद गठ्ठ्यात आहे. काकींनीच तिला काट्यावर धरून बसवलं होतं. गेले दोन महिने तिचं वजन वाढलेलं नाही. काकी आज असत्या, तर त्यांनी तेराव्यापर्यंत वाट पाहिली असती का?

सुतक तुम्हाला आहे, मला नाही. तुम्ही कोणी खाली उतरू नका.

मंडळी, आता आपण उभे राहू. दोन मिनिटं कोणी बोलायचं नाही. काकींना मनातल्या मनात नमस्कार करा. वसंता, ही दोन मिनिटं झाली की मी इथून थेट तुझ्या खोलीत येतोय. दार उघडं ठेव. कुंदाला झोपवू नकोस.