दिवाळीनंतरची आवराआवर आणि सुमतीबाईंचा बाळकृष्ण

नाम घेतलं, गळा मोकळा झाला. आता टाळ जरा मांडीवर ठेवा मंडळी, आणि मला एका प्रश्नाचं उत्तर द्या. खरं द्यायचं हं — देवळात बसलोय आपण!

घरातली एखादी वस्तू हरवली, तर आपण आधी काय शोधतो?

कोण म्हणालं, ‘वस्तू’? तुम्ही, काका? बरं. पण मागच्या रांगेतल्या त्या काकू हसल्या बघा! त्यांना ठाऊक आहे. वस्तू नाही शोधत आपण, काका — आपण आधी माणूस शोधतो! ‘कोणी घेतली?’ हा पहिला प्रश्न. ‘कुठे ठेवली?’ हा नंतरचा, आणि तोही नाइलाजानं! आता मला सांगा, देव घरात राहावा असं वाटत असेल, तर यातला कुठला प्रश्न आधी विचारावा?

लगेच उत्तर देऊ नका. आधी ऐका.

मिरजेत धामणकरांचं घर. घरात सुमतीबाई — यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा मुकुंद, सून वृंदा. वृंदा शाळेत शिकवायची. मुलगी नलिनी, नलूताई, नागपूरला दिलेली. आणि घरात आणखी एक माणूस होतं, ज्याचं नाव दारावरच्या पाटीवर नव्हतं. शेवंताबाई! मुकुंद शाळेत जायचा तेव्हापासून धुण्याभांड्याला, केरवाऱ्याला येणारी. सुमतीबाई पाट्यावर चटणी वाटायच्या आणि शेवंता अंगणात भांडी घासायची — दोघींच्या गप्पा मात्र एकच!

आणि सुमतीबाईंचं घर कसं? अहो, नीटनेटकेपणा म्हणजे काय, ते तिथं जाऊन बघावं! वीज गेली तरी हात घातला की जायफळ हातात येणार. सुईला जागा, सुतळीला जागा. (आमच्या पेटीवाल्यांकडे बघा — यांना स्वतःचा चष्मा कपाळावर असताना सापडत नाही! असो, असो. सूर धरा.)

त्या वर्षी दिवाळीला घर भरलं. नलूताई, जावई, नातवंडं, पुण्याचे पाहुणे. चार दिवस आनंद! भाऊबीज झाली, आणि एकेक जण निघाला. जावई मुलांना घेऊन पुढे गेले, नलूताई आईजवळ दोन दिवस राहिली.

आणि मागे काय उरलं? सांगा की! तुमच्या घरी आत्ता जे उरलंय तेच! कठड्यावर पणत्यांच्या तेलाचे काळे डाग. फरशीच्या फटीत रांगोळी. वाटीत वाळून खडक झालेलं उटणं. गाद्यांचा डोंगर. आकाशकंदील एका कानावर लोंबतोय. आणि डबे! चिवड्याच्या डब्यात नुसते शेंगदाणे — नाही, नाही, चुकलो — शेंगदाणे सोडून सगळं! चकलीचा डबा उघडावा तर आत चुरा आणि लाडवाच्या डब्याचं झाकण!

सण करायला सगळे येतात हो. सण आवरायला कोण थांबतं?

तर अशा सकाळी सुमतीबाई पूजेला बसल्या. ताम्हन पुढे घेतलं, देवघरात हात घातला — आणि हात तिथंच थांबला.

“अगं बाई! माझा बाळकृष्ण!”

चांदीचा रांगता बाळकृष्ण, मंडळी. हातात लोण्याचा गोळा. सुमतीबाईंच्या आईनं लग्नात दिलेला. रोज न्हाऊ घालायच्या, रोज पुसायच्या. तो जागेवर नाही! बघा गंमत — ज्याच्यावर गोकुळात रोज चोरीचा आळ, तोच चोरीला गेला!

हसलात. पण त्या घरात कोणी हसलं नाही. सुमतीबाई देवघराचा कोपरा न् कोपरा चाचपायला लागल्या. आणि नलूताई बोलली. मनानं वाईट नव्हती हो ती. पण आईचे डोळे भरलेले बघितले आणि तोंडातून गेलं —

“काल देवघर कोणी पुसलं? शेवंतानंच ना? एकटीच होती आत.”

मुकुंद म्हणाला, “ताई, अगं तसं काही नको म्हणूस...” आणि गप्प बसला. मंडळी, अर्धं वाक्य बोलून गप्प बसणारी माणसं आहेत ना, ती जगात फार! बोलायचं तर पुरतं बोला!

मागचं दार उघडं होतं. दारात शेवंता उभी. नुकतीच आलेली. तिनं सगळं ऐकलं होतं.

कोणी तिला काही विचारलं नाही. आणि कोणी ‘नाही गं, तसं नाही’ असंही म्हणालं नाही. तिनं सुमतीबाईंकडे बघितलं. सुमतीबाईंची नजर भिरभिरत होती. शेवंताचे ओठ हलले. काहीतरी बोलणार होती बाई — अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं तिनं ते! खोचलेला पदर सोडला, सगळ्यांसमोर झटकला, परत खोचला. आणि म्हणाली,

“देव सापडला तर निरोप धाडा. न्हाई सापडला तर पोलीस धाडा. म्या घरीच हाय.”

आणि गेली.

आता वृंदाचं ऐका. ही सून इतका वेळ ओट्यापाशी उभी होती. नलूताई म्हणाली, “बघितलंस, कशी ताठ्यात गेली! आता पोलिसांतच सांगायला हवं.”

वृंदानं गॅस बंद केला. “सांगू ताई. पण आधी घर आवरू.”

“अगं, ही आवरायची वेळ आहे का?”

“हीच आहे. घरातली प्रत्येक वस्तू उचलायची, पुसायची, जागच्या जागी ठेवायची. सगळं घर हातांखालून गेलं, आणि तरी देव सापडला नाही, तर मी स्वतः येते तुमच्याबरोबर चौकीवर. तोवर या घरात कोणाचं नाव घ्यायचं नाही.”

काय बाणा! आवाज चढवला नाही, कोणाचा अपमान केला नाही. शाळेला दिवाळीची सुट्टी होतीच, साडी खोचली आणि केरसुणी हातात घेतली!

लागले तिघंही कामाला. मुकुंद शिडीवर, नलूताई कपाटांपाशी, वृंदा स्वयंपाकघरात. सुमतीबाईंना खुर्चीवर बसवलं. आणि मंडळी, वस्तू निघायला लागल्या! टीव्हीचा रिमोट कुठे? लोणच्याच्या बरणीमागे! नलूताईचा ब्लाउज — जो पुण्याच्या पाहुण्यांच्या बॅगेत गेला म्हणून फोनवर भांडण झालं होतं — तो तुरीच्या डाळीच्या डब्यात! कापसाच्या वाती फ्रिजमध्ये, कोथिंबिरीशेजारी! मुकुंद शिडीवरून हसला, “ताई, तुझ्या पोरांचे उद्योग!”

हसण्यावारी गेलं. मग कपाटाची किल्ली निघाली, कणकेच्या डब्यातून. मग सुमतीबाईंच्या गोळ्या निघाल्या. रक्तदाबाच्या. पाकिटंच्या पाकिटं, न घेतलेली, उशीच्या अभ्र्यात नीट घडी करून ठेवलेली.

हे पोरांचे उद्योग नव्हते.

नलूताईनं हळूच विचारलं, “वृंदा... हे कोणी ठेवलं?”

वृंदानं खुर्चीकडे बघितलं. सुमतीबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, गुंडाळत होत्या. घाबरल्या होत्या हो त्या! स्वतःच्याच घराला घाबरल्या होत्या. अहो, जिच्या हाताला अंधारात जायफळ सापडायचं, तिला आता उजेडात आपलीच घडी ओळखू येत नव्हती!

दुपार कलली. राहिली होती फक्त कोठीची खोली. गाद्या हलवल्या, मागं लोकरीच्या कपड्यांची ट्रंक. वृंदानं झाकण उघडलं. वरच मुकुंदाच्या लहानपणची कुंची, आणि कुंचीच्या आत —

बोला मंडळी, कोण?

बाळकृष्ण! कुंचीत गुरफटून, लोण्याच्या गोळ्यासकट, मजेत झोपलेला! बाहेर केवढं रामायण चाललंय, याला पत्ता नाही!

वृंदानं तो तसाच उचलून सासूच्या ओंजळीत ठेवला. सुमतीबाईंचा चेहरा फुलला. “उठला का? काल संध्याकाळी गार वारं सुटलं होतं ना. उघडाच बसला होता गं. म्हटलं, घालावं काहीतरी...” आणि बोलता बोलता थांबल्या. सगळ्यांच्या तोंडाकडे बघितलं. “म्हणजे... मीच? मीच ठेवला? आणि ती शेवंता...” कपाळावर हात मारून घेतला त्यांनी.

वृंदानं तो हात धरला. “आई, तुम्ही जपूनच ठेवला होता. शोधायला आम्हाला उशीर झाला.”

ऐकलंत? एवढंच म्हणाली. मोठमोठे ग्रंथ कोळून प्यायलेल्या माणसालाही वेळेवर असं वाक्य सुचत नाही. सासूची चूक तिनं पायाखाली येऊ दिली नाही, पदरात घेतली!

मुकुंद म्हणाला, “सुटलो बुवा! शेवंताबाईंना फोन करतो, उद्या या म्हणून.”

“फोन?” वृंदा म्हणाली. “बोललो तोंडावर, आणि परत घ्यायचं फोनवर?”

मग नलूताई उठली. “बोलले मी. मी जाते.” गाडीचं तिकीट काढलेलं होतं, ते राहू दिलं. आणि सुमतीबाई म्हणाल्या, “मला घेतल्याशिवाय कोणी जायचं नाही.”

निघाली सगळी. रेल्वेच्या रुळांपलीकडे शेवंताचं दोन खोल्यांचं घर. आणि मंडळी, दारात पाऊल टाकलं आणि नलूताई जागच्या जागी थबकली. काय बघितलं तिनं? दिवाळी! तिथंही दिवाळी होऊन गेली होती ना! उंबऱ्यावर तेलाचे डाग. मोरीत फराळाची भांडी साचलेली. गाद्यांवर लेकी-जावयांच्या चादरी तशाच. शेवंता आठवडाभर धामणकरांच्या पाहुण्यांची भांडी घासत होती — तिच्या घरची कधी घासणार? मधोमध भिंतीला टेकून बसली होती. त्या दिवशी वेळ होता, पण उठायचं बळ नव्हतं.

सुमतीबाई तिच्याजवळ जमिनीवर बसल्या. “शेवंता, देव मीच ठेवला होता गं. ट्रंकेत. मला आठवलंच नाही. मला... हल्ली आठवत नाही.”

हे वाक्य त्या पहिल्यांदा बोलल्या. मुलापाशी नाही, मुलीपाशी नाही — शेवंतापाशी!

आणि शेवंता काय म्हणाली? “मला ठावं हाय, वैनी.”

“तुला ठाऊक आहे?”

“श्रावणापासनं बघतीया. चष्मा तांदळात घालताय, दुधाचं पातेलं कपाटात ठेवताय. म्या काढून जाग्यावर ठेवती, कुणी यायच्या आत.”

मुकुंद दारातच उभा होता. “मावशी, मग आम्हाला सांगितलं का नाहीत?”

“चुकलंच माझं, दादा. दवाखाना करायला पायजे हुता, न्हाई का? पर वैनींचं घर म्हंजे गावानं नावाजलेलं. त्यांना कुणी हसलं असतं तर मला सोसलं नसतं.”

नलूताई पुढे झाली. “आणि सकाळी? सकाळी एका शब्दानं तू सुटली असतीस, शेवंता!”

“लेकीच्या म्होरं आईला उघडं पाडू व्हय, ताई? त्यापरीस माझ्यावर आळ बरा.”

...

विठ्ठल, विठ्ठल!

मंडळी, ओठांवर आलेलं तिनं गिळलं होतं ना — ते हे! नुसतं ‘वैनींना आठवत नाही’ एवढं म्हणायचं होतं, आणि आळ तिच्यावरून उतरून सुमतीबाईंच्या अंगावर पडला असता. तिनं पदर झटकला, पण मैत्रिणीची लाज झटकली नाही! कुंचीतल्या देवाला सुमतीबाईंनी पांघरूण घातलं. सुमतीबाईंना कोणी घातलं? सांगा!

नलूताईनं माफी मागितली. पण शब्द तिला अपुरे वाटले असावेत. ती सरळ मोरीत गेली, पदर खोचला, राख घेतली आणि भांडी घासायला बसली.

“अवो ताई, ठेवा ते! काय करताय!”

“बस तू, शेवंता. आज बसून राहा.”

वृंदानं चादरी पिळल्या, मुकुंदानं उंबऱ्यावरचे डाग खरवडले — कधी कामाची सवय नाही, डागांबरोबर उंबऱ्याचा रंगही काढून ठेवला! आणि या दोघी मैत्रिणी भिंतीला टेकून बसल्या. निघताना मुकुंदानं विचारलं, “मावशी, उद्या याल ना?”

शेवंता म्हणाली, “उद्या न्हाई. अजून लागतंय आत. थांबलं की येईन.”

खरं बोलली! क्षमा म्हणजे काय बटण आहे दाबायला? कोणी घाई केली नाही. आणि तुळशीच्या लग्नाच्या सकाळी मागच्या दारातून हाक आली, “वैनी, चहा टाकलाय का?”

पुढे काय झालं? दवाखाना सुरू झाला, गोळ्या वेळेवर मिळायला लागल्या. पण हा आजार मागे फिरणारा नव्हता. सुमतीबाई हळूहळू पुष्कळ विसरल्या. नलूताईला एकदा ‘तुम्ही कोणाकडच्या?’ असं विचारलं त्यांनी. नलूताई बाहेर जाऊन रडली, आणि आत येऊन म्हणाली, “तुमच्याकडचीच आहे मी.” पण घरात एक रीत पडली. दिवाळीनंतर नलूताई मुद्दाम थांबते. आधी धामणकरांचं घर आवरतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळी मिळून रुळांपलीकडे जातात. ते घर आवरल्याशिवाय त्यांची दिवाळी संपत नाही!

आता पुरे झालं मिरजेचं. आता तुमच्या घरी येतो मी!

काही हरवलं तर खुशाल घर उलथंपालथं करा. माळे उतरवा, डबे रिकामे करा. माणसाला हात लावू नका! वस्तू ट्रंकेतून निघते, पण माणसाच्या मनातून एकदा उतरलात तर कुठल्या शिडीनं वर चढणार?

आणि आणखी एक विचारतो, उत्तर मला नाही, स्वतःला द्या. तुमच्याकडे जी केर काढायला येते, तिच्या घरची दिवाळी कशी झाली, हे तुम्हाला ठाऊक आहे? तिचं घर कुठल्या गल्लीत आहे, ठाऊक आहे? बघा! पुढच्या रांगेतले तर खालीच बघायला लागले!

उद्या सकाळी ती दारात येईल. कामाचं सांगण्याआधी तिला बसायला सांगा. स्वतःच्या हातानं चहा द्या. आणि विचारा — “बाई गं, तुझ्या घरचं आवरून झालं का?”

ती काय म्हणेल ते कान देऊन ऐका. देवाचंच बोलणं ऐकत आहात असं समजून ऐका. घ्या टाळ हातात, आणि त्या शेवंतासाठी, त्या वृंदासाठी, पोटातून एकदा नाम घ्या — विठ्ठल! विठ्ठल!